शहाण्णव टक्के

वडिलांचा फोन मिळाला चौथ्या दिवशी,
हातमोज्यांच्या रिकाम्या खोक्यात,
वर चिकटपट्टीवर निळ्या पेनानं : खाट १९.
बटण दाबलं तर पडदा उजळला.
बॅटरी शहाण्णव टक्के.

माणूस मंगळवारी गेला होता.
शुक्रवारपर्यंत फोन कुणी जागा ठेवला?

जेल रोडच्या आमच्या घरात
हा प्रश्न तेव्हा कुणालाच पडला नाही.
आई भिंतीकडे तोंड करून,
भाऊ दुधाच्या पिशव्या पुन्हा पुन्हा धूत,
आणि मी त्या फोनमध्ये.
एक्केचाळीस मिस्ड कॉल, सगळे आमचेच.
उचललेला एकच,
सोमवारी पहाटे दोन दहा. चार मिनिटं.

तो आईनं लावलेला.
पलीकडून एक अनोळखी बाई म्हणाली होती,
'बोला ताई, त्यांच्या कानाला धरलाय.
मास्क आहे, बोलता यायचं नाही. पण ऐकतात.'

एवढ्या चार मिनिटांत आई काय बोलली?
टाकीची मोटार बंदच होत नाही, म्हणाली.
गॅसचं पुस्तक सापडलं.
कढीपत्त्याला पानं फुटलीत, खालची म्हैसवाली कोथिंबीर ठेवून गेली दारात,
आणि शेवटी, जेवलात का?
बाई म्हणाली, 'डोळ्यांनी हो म्हणाले.'

तिला शोधायला मला दीड वर्ष लागलं.
दवाखान्यात म्हणाले, कंत्राटी होती, यादी एजन्सीकडे.
एजन्सीचं शटर खाली,
शटरवर फुलांच्या वर्षावाचं जुनं पोस्टर.
एका सिस्टरनं जिन्यात थांबून नाव दिलं :
मथुरा गांगुर्डे, फुलेनगर, पंचवटी.

मार्केट यार्डात मेथीच्या जुड्या बांधत होती.
मी वडिलांचं नाव सांगितलं,
वार, महिना, खाट.
तिनं मान हलवली. 'किती होते, ताई.'
मग हात न थांबवता,
'फोन कोणता होता?'

मी पर्समधून काढला.
मागचं झाकण निघतं म्हणून
दोन वेढे लाल रबर.
'हां. रबरवाले बाबा.'
जुडी खाली ठेवली तिनं.
'माझं बोट धरायचे हातमोज्यावरून
आणि अंगठ्यानं काहीतरी सरकवत राहायचे.
एक, एक, एक. काय मोजायचे?'

नोटा, म्हटलं. चौतीस वर्षं प्रेसमध्ये.
घरी झोपेतसुद्धा गड्डी पुरी करायचे.

मग ती सांगत गेली, जुड्या बांधता बांधता.
एक बोर्ड, चार भोकं, तेवीस फोन.
नळाला हंडे लावतात तशी लाइन लावायची ती,
वीस मिनिटं झाली की याचा काढ, त्याचा लाव.
रात्री वाजायचे. पिशव्यांतून उजेड यायचा.
कुणाचं भजन, कुणाचं हलगीचं, एकाचं नुसतं बाळाचं हसू.

गेलेल्यांचेपण चार्ज करायचा?

'त्यांचे आधी.
घरचे येणार, बटण दाबणार.
तेपण मेलेलंच द्यायचं का हातात?'

तिचं काम सुटलं ते मेसेजवर.
नेमका त्या दिवशी तिचाच फोन बंद,
तेवीस जणांच्या लाइनीत स्वतःचा लावायचा राहिलेला.
म्हणून आणखी एक रात्र भरून आली फुकट,
आणि सकाळी रिक्षा नाही म्हणून
पूल चालत ओलांडून घरी.
घरात घ्यायला घरमालक तयार नव्हता,
तेव्हा दोन तास ओट्यावर बसली, म्हणाली,
चहा मात्र दिला त्यानं, लांबून.

मी पाकीट पुढे केलं. तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं.
मी ते परत ठेवलं, फार वेळ लागला चेन लावायला.

गाळ्याच्या टोकापर्यंत गेले असेन
तर मागून हाक आली,
हमालांच्या गलक्यावरून, मोठ्यांदा :

'ताई, ती टाकीची मोटार...
झाली का हो बंद?'