चौथी खुंटी

हिलोला, स्वयंपाकघराच्या टेबलावर
लेहुआनं उकुलेले टॉवेलवर पालथं घातलं.
वडिलांच्या चार खुंट्या. तीन ऐकायच्या,
चौथी नुसतं हो म्हणायची, आणि सटकायची.

गंजका स्क्रू शिवी खाऊनच निघाला.
नव्यांची भोकं जुन्यांशी जुळेनात,
तांदळाच्या दाण्याएवढा फरक.
टूथपिक मोडून, गोंदात बुडवून
तिनं जुनी बुजवली.

"फेक ते भंगार," काइपो म्हणाला.
जुन्या खुंट्या गेल्या कॉफीच्या डब्यात,
झाकण लावून.

मग तारा. मग कान पिळणं.
सकाळी चारही उतरलेल्या;
नव्या आहेत, घेतील ताणून.

चौथीला हातानं सवयीनंच
एक पीळ जास्तीचा दिला,
सटकेल तेवढा धरून.

ही सटकली नाही.
सूर वडिलांच्या वर गेला.
लेहुआनं तो हळूच
खाली आणला.