इतिवृत्ताची वही

पाळकांनी डोक्यावर हात ठेवला
आणि मी वडील झाले.
मागच्या बाकावरून यिर्मयामामा बोललाच,
"आता वडील झाली म्हनाव, का वडील झाले?"
मंडळी हसली. मीही हसले, गुडघ्यांवर होते तरी.
व्याकरणाचं पुढच्या बैठकीत बघू म्हणाले,
ते अजून राहिलंच आहे.

वडील म्हणजे काय, तर आधी किल्ली.
सावरटोलीच्या देवळाची, वीतभर लांब.
उजवीकडे फिरवायची, मग दार खांद्यानं लोटायचं.
वडील म्हणजे अर्पणाची थैली
दोघांनी दोनदा मोजायची,
चिकटपट्टी लावलेली दहाची नोट कुणाची ते ओळखायचं
आणि ओळखलं नाही असं वागायचं.
मनुका शनिवारी रात्री भिजत घालायच्या,
सकाळी फडक्यातून पिळायच्या.
प्याले चोवीस, माणसं एकतीस.
सात प्याले धुऊन पुन्हा भरेपर्यंत
पाळक एक स्तोत्र जास्तीचं वाचतात.
तेही महिन्यातून एकदाच, भंडाऱ्याहून मोटारसायकलवर;
उरलेले रविवार आमचे आम्हीच.

कपाटात उधईनं अर्ध्यावर सोडलेल्या वह्या,
शांतवन दहीवले गुरुजींचं टाकानं काढलेलं अक्षर,
आणि बिस्किटांच्या डब्यात पितळेचे बिल्ले,
चवलीएवढे, कडा झिजलेले.
प्रभुभोजनाच्या आधी वडील घरोघर जात हे घेऊन.
बिल्ला असेल त्याला भाकर.
नसेल त्यानं बसून बघायचं.

सत्तर सालचं पान सहज उघडलं,
सहज म्हणजे, नाव दिसलं म्हणून.
"सौ. सगुणाबाई उके यांनी प्रभुवारी
बांधीत रोवणी केल्याचे कळते.
सबब सहा महिने बिल्ला देऊ नये.
ठराव एकमताने."
खाली तीन सह्या.
तिसरी माझ्या वडिलांची.
ते वडील होते.
सही करून घरी आले असतील,
आणि तिनंच ताट वाढलं असेल.

माय खाटेवर लसूण सोलत होती.
"आठवते ना वं.
बांधीत पानी होतं, पऱ्हे उपटून ठेवले होते,
थे काय सोमवारची वाट पाह्यतेत?"
"बाबांनी सही केली माय."
"करतीन नाही तं काय. वडील होते."
लसणाची एक पाकळी हातातून निसटली, तिनं शोधली.
"धुऱ्यावरून पेंढ्या कोन फेकत होतं मंग?
थेच. चड्डीवर. दुपारपावतर."
"मग तू सांगितलं काहून नाही?"
"मले कोनं इचारलं?"

जुनं इतिवृत्त खोडता येत नाही,
वडील झाल्यावर हे पहिलं शिकवतात.
मी डबा बंद केला, वही बंद केली,
एक बिल्ला मात्र पदराच्या गाठीत राहिला
आणि धुण्यात कुठं गेला, ठाऊक नाही.

जुलैच्या बैठकीत आम्ही पाच जण, पंखा बंद.
मी मांडलं: रोवणी होईस्तोवर
रविवारची उपासना पहाटे साडेपाचला.
एलिशा भाऊ म्हणाले, असं कधी झालं नाही.
यिर्मयामामा म्हणाला, असं नेहमीच होते,
फक्त वहीत येत नाही.
चार विरुद्ध एक.
"एकमताने" लिहायला हात गेला होता.
थांबले. चार विरुद्ध एक असंच लिहिलं.
सही केली. सहीखाली पद.
बाबांच्या त्या पानाबद्दल
मी बैठकीत काही बोलले नाही. अजूनही नाही.

पहिल्या रविवारी मलाच उशीर झाला,
मनुका पिळता पिळता.
अंधारात पायरीवर कुणी बसलेलं,
नातवाच्या गाडीवरून केव्हाची आलेली,
लुगडं खोचलेलं, जणू इथूनच बांधीत उतरणार.
वय ब्याऐंशी.
किल्लीचा आवाज ऐकून तिनं मान वळवली,
"आल्या का वडील?" म्हणाली,
आणि दार जड जातं म्हणून
तिनंही आपला खांदा लावला.