पिवळसर साका

पणजीहून आलेली चिखलाची नळी
चोरला घाटात दोनदा कलंडली,
तरी थर जागचे हलले नव्हते.
इराण्णाने तिच्या चकत्या पाडल्या,
प्रत्येकीवर आकडा कन्नडात,
मी वहीत मराठीत.
चिखलाची काहीच हरकत नव्हती.

वास मात्र टिळकवाडीभर पोचला:
नासकी अंडी, भिजलेलं पोतं, आणि मागून
सुक्या बांगड्याचं काहीतरी.

सिल्व्हर नायट्रेटचे थेंब.
क्लोरीन दह्यासारखा पांढरा. तो असणारच, समुद्र आहे.
ब्रोमीनला सायीचा रंग.
आणि आयोडीन,
बुडाशी चिमूटभर पिवळसर साका.

काळा, कुजट थर जिथे जाड
तिथे तो जास्त. रेतीत जवळजवळ नाहीच.
सर म्हणाले, सेंद्रिय द्रव्य धरून ठेवतं त्याला.
सेंद्रिय द्रव्य म्हणजे शेवाळ, मेलेला खेकडा,
म्हणजे गवाळीच्या रानात गळलेलं
जांभळीचं पानसुद्धा,
म्हादईत पडून, दगडांवर आपटत
खाडीपर्यंत गेलेलं.

सातूआत्या गवाळीची.
गळ्याशी गाठ, आधी लिंबाएवढी,
मग पेरूएवढी. एकुलत्या फोटोत
पदर हनुवटीपर्यंत ओढलेला.
गावात म्हणायचे, तिला पाणी लागलंय.
पाण्यात काय नव्हतं
ते बघायला कोण जाणार?
एवढा पाऊस, मातीतलं सगळं
उताराला लावून मोकळा.

खानापूरच्या बाजारात
कारवारची बाई सुकं घेऊन बसायची.
आत्या भाव विचारायची,
रुमालाची गाठ सोडायची,
परत बांधायची.

सातव्या चकतीत पानाची शीर सापडली,
केसाएवढी. चिमट्याने उचलली.
कुठल्या झाडाची, ओळखू येत नाही.
चौदा सेंटिमीटर खोल,
म्हणजे आत्याच्या लग्नाच्या आसपासचा थर.
हा हिशोब सरांचा नाही, माझा.
वहीत एवढंच लिहिलं:
नमुना सात. आयोडीन भरपूर.

बाटल्या धुता धुता इराण्णा म्हणाला,
ऊटा आतेन्री?
नाही म्हटलं, अजून नाही.
हात तीनदा धुतले, वास गेला नाही.
डबा उघडला. भात, कुळथाचं पिठलं.
घाईत मीठ घालायचं राहिलं होतं.
इराण्णाने त्याच्या डब्यातली पुडी
न बोलता माझ्याकडे सरकवली.