चकवा, भाग अकरावा

ग्रिम्स्बीत, मासे कापायच्या कारखान्यात,
रात्री पावणेतीनला अर्ध्या तासाची सुट्टी होते
आणि वाद तिथूनच पुन्हा सुरू होतो
जिथे काल घंटेनं तोडला होता.

डॅरेल म्हणतो, 'पांढरा सुतार'. दुसरं नावच काढू नका.
नऊ भाग. नवव्यातही रंधा तोच,
आणि रंधा फिरायच्या आधीची ती शांतताही तीच.
"चौथ्यात तो अंतराळात जातो," ओयिंकान म्हणते,
"तिथे लाकूड कुठून आणतो रे तुझा सुतार?"
डॅरेल चहात बिस्किट बुडवतो.
ते तुटून तळाला जातं.
एवढंच त्याचं उत्तर.

तिची मात्र 'खालची भाडेकरीण'.
सहा भागांत बाई एकदाही दिसत नाही,
फक्त तिच्या दारातल्या दुधाच्या बाटल्या वाढत जातात.
"दाखवलं की संपलं," ओयिंकान म्हणते.
तिच्या बोटांना हातमोज्यांच्या सुरकुत्या पडल्यात,
त्याच बोटांनी ती हवेत एकेक बाटली मांडते,
आणि आम्ही, खरं सांगते, दाराकडे बघतो.

लेशेक वाद घालत नाही.
पहिल्या भागात भूत असतं, म्हणतो, दुसऱ्यापासून हिशेब.
तरी तो 'काळं तळं'चे आठही भाग बघतो,
रविवारी, फोन कानाला लावून.
तिकडे लुब्लिनला त्याची मुलगी,
एक, दोन, तीन म्हणून दोघं एकदम बटण दाबतात.
सोळा वर्षांची आहे. एरवी बोलत नाही.
पण तळ्यातून हात वर आला
की किंचाळताना 'बाबा' म्हणते.
अशा आठ भागांना वाईट कसं म्हणायचं?

"आणि तू, कून्डा? तुमच्याकडे काय आहे?"

कुंदा, मी म्हणत नाही. सोडून दिलंय.
मुंजा सांगावा तर आधी मुंज समजवा.
हडळीची उलटी पावलं सांगावीत
तर डॅरेल बुटाचं माप विचारील.
मी चकवा सांगितला.

चेहरा नाही, दात नाहीत, रंधा तर नाहीच.
रात्री तुम्ही पाठ असलेल्या वाटेनं घरी निघता.
बांध, बाभूळ, बुजलेली विहीर.
चालता.
बांध, बाभूळ, बुजलेली विहीर.
मागे कुणी लागलेलं नसतं,
पाय तुमचेच, चालही तुमचीच,
आणि तांबडं फुटतं तेव्हा कळतं
निघालो होतो तिथून हातभरही पुढे नाही.

"मारतो का?" डॅरेल.
नाही.
"मग करतो काय?"
काही नाही. चालवतो.

कॉफीचं यंत्र घरघरून थांबलं.
भिंतीवर पुढच्या आठवड्याच्या पाळ्या लागल्या होत्या,
मागच्या आठवड्याचाच कागद, तारीख खोडून.
"किती भाग आहेत?" ओयिंकाननं विचारलं.
दोन वर्षांसाठी म्हणून आले होते मी.
बोटं मोजली.
"अकरा," म्हटलं.
"बारावा ऑक्टोबरात, सही झाली की."

कुणी हसलं नाही. मी हसले, तेही उशिरा.

मग लेशेकनं विचारलं, यातून सुटतात कसे?
इतक्या रात्री आम्ही भांडतोय,
कोण जास्त घाबरवतं, कुणाचं रक्त खरं वाटतं,
हे मात्र कुणी कधी विचारलं नव्हतं.
आमच्या आत्याचे यजमान, जव्हारकडचे, सांगायचे:
अंगातलं कापड उलटं करून घालावं.
चकव्याला वाटतं, हा दुसराच कोणी,
आणि तो वाट सोडतो.

घंटा.

सव्वातीन. पट्टा चालू. कॉड, कॉड, हॅडॉक, कॉड.
समोर लेशेकनं पांढरा कोट उलटा घातलाय,
शिवणी बाहेर,
कंपनीचं नाव आत, बनियनला चिकटलेलं.
सुपरवायझर ओरडली.
त्यानं पट्ट्याच्या आवाजाकडे बोट दाखवलं.

"तरीपण सुतारच," डॅरेल माझ्या कानाशी म्हणाला
आणि सुरीला धार लावू लागला.
टोपी त्याचीही उलटी होती.