तिसरी

ओहोटी सकाळी सात बावन्नला.
बादली, दाताळं, रबरी बूट.
आरौसाच्या खाडीत गुडघाभर चिखलात
आम्ही बायका वाकून,
तिसऱ्या वेचत.
प्रत्येकीच्या गळ्यात मापाची पट्टी:
तिच्या खाचेतून निसटते ती लहान,
ती परत वाळूत.

दर वसंतात गोण्या येतात
दूरच्या उबवणीघरातून, नखाएवढं बी.
कोंबड्यांना दाणे टाकावेत तसं
आम्ही ते मुठीमुठीनं फेकतो.
दोन वर्षांनी उपसताना
कुणी म्हणत नाही, या तिसऱ्या आमच्या नव्हेत.

हे मी नंतर जुळवलं.
तेव्हा, विगोच्या दवाखान्यात,
मला काहीच सुचत नव्हतं.
डॉक्टर औतेरिन्यो कागदावर गोल काढत होते,
गोल, आणि त्यात टिंब.
"सेहेचाळीस" हा आकडा त्यांनी उच्चारला
मयताला आलेल्या माणसाच्या आवाजात.
मग म्हणाले, दुसऱ्या कुणाचं बीज घेता येतं.
रामिरो खिडकीतून बंदर बघत बसला होता.
जहाजात नव्या मोटारी चढत होत्या.
एकतीस चढल्या, त्यानं परतीच्या वाटेवर सांगितलं.
घर येईपर्यंत दुसरं काही नाही.

तिच्याबद्दल मिळालं ते एवढं:
वय चोवीस. रक्त ओ पॉझिटिव्ह.
डोळे तपकिरी.
केस कुरळे. माझे सरळ आहेत, पण चालेल म्हणाले.
नाव नाही, फोटो नाही, गाव नाही, कायदा तसा आहे.
लोण्याच्या पाकिटावर याहून जास्त मजकूर असतो.

पोटावर औषधाच्या चिकटपट्ट्या.
त्या खाडीत भिजून सुटायच्या,
मग मी वरून प्लंबरची टेप मारायचे.

आईला सांगितलं तेव्हा ती बटाटे सोलत होती.
बाल्बिना, वय ऐंशी.
"पोटात कोण वाढवणार?"
मी.
"मग ओकाऱ्या तुलाच."
बटाटा पाण्यात पडला. विषय संपला.

इरिया आता पाच वर्षांची.
चर्चसमोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्या
तिची हनुवटी धरून विचारतात,
कुणावर गेली गं ही?
मी म्हणते, नाक रामिरोचं. ते खरंच आहे.
उरलेला चेहरा मी
कडी न लावता नुसता लोटून ठेवते.

उन्हात आली की ती तीन शिंका देते.
मोजून तीन.
आमच्या दोन्ही घरांत असं कुणी शिंकत नाही.
तिला सगळं ठाऊक आहे, झोपताना सांगते मी:
एक ताई होती, तिनं एक दाणा दिला.
परवा अंधारात तिनं विचारलं,
"ताईला तो परत नको का?"
मी झोपेचं सोंग घेतलं.

मंगळवारी विलागार्सियाच्या बाजारात
मासळीच्या ठेल्यावर नवी बाई. तिशीची असेल.
मानेवर केसांची वेलांटी.
छपराच्या फटीतून ऊन तिच्या तोंडावर आलं.
एक शिंक.
दुसरी.
मी कोबी हातात धरून उभी,
तिसरीची वाट बघत.

"तुम्हाला काय देऊ?"

अर्धा किलो तिसऱ्या, मी म्हणाले.
मी, जिची कंबर यांच्यापायी गेली.
"ताज्या आहेत," ती म्हणाली, "आरौसाच्या."
असं का, मी म्हणाले.
तिनं मोठ्या मोठ्या निवडल्या,
सुट्टे देताना माझ्या तळहाताच्या चिरा पाहिल्या,
म्हणाली, रात्री मलम लावून मोजे घाला हातात.

रामिरोनं पिशवी पाहिली, मला पाहिलं,
आणि लसूण ठेचायला घेतला.

इरियानं अकरा खाल्ल्या.
रिकामे शिंपले ताटाच्या कडेनं उपडे मांडले, मोजले,
मग पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली,
बोट लावत, चुकत,
जेवण गार होईपर्यंत.