बुधवार, सव्वासात

डुलुथमध्ये अजून अंधार. सरोवरावरचा वारा
फटीतून आत येऊन बसलाय मीटिंगला.

डेल्फीन म्हणते, ट्रे जसाच्या तसा परत येतो,
दुधाचं खोकंही न फोडलेलं.
ऑरिनला झाडताना सापडली
चार तुकडे केलेली बँडची वही.
माझ्याकडे त्याचा गणिताचा पेपर:
नाव तेवढं सुवाच्य, खाली कोरं.

सुटं सुटं हे काहीच नव्हतं.
टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं
आणि कुणी कॉफी उचलेना.

समुपदेशिका विचारते, कोण बोलेल त्याच्याशी?
डिग्र्यावाले आम्ही खाली बघतो.

बस चालवणारी लोर्ना
हातमोजे चढवत उठते:
"मी. रोज चढताना विचारतो तो मला,
आज रस्ता निसरडा आहे का."