पुरेसं

तेमा बंदराच्या फाटकाशी, वजनकाट्याच्या खोलीत
झिफा रात्रपाळीला गणितं सोडवते.
ट्रक आला की वही पालथी.

काही पूर्णांक, सारख्या अंतरावर उभे.
बेरीज निघेल का?
किती, ते नकोच आहे त्यांना,
दिलेल्यात निघेल का, एवढंच सांगायचं.

पहिलं विधान: पूर्णांक नऊ आहेत.
एवढ्यावर भागत नाही.
दुसरं: मधला चाळीस.
तेही एकटं लंगडंच.
दोन्ही मिळून मात्र पुरे,
एक इकडचा एक तिकडचा,
चाळिसावर सगळे तोलले जातात.
अंतर किती, ते लागतच नाही.

इथे पेन्सिल थांबते.

सेलोर्म रॉटरडॅमला गेल्यापासून
नऊ रविवार, नऊ फोन.
मधला चाळीस मिनिटांचा.
म्हणजे झाले सहा तास,
दर वेळी सारखीच मिनिटं वाढली असतील तर.
किंवा घटली.
बेरजेला काय त्याचं.

हॉर्न. आडाहून मिठाचा ट्रक.
ती वजन लिहून घेते, पावती फाडते,
मग चौकटीत खूण करते: पुरेसं.
आणि समासात, बारीक अक्षरात,
शेवटच्या फोनची मिनिटं.
आठ.

उद्या रविवार.